पुलापर्यंत चालणाऱ्या कनकाक्का

कनकाक्कांविषयी लिहायला बसलो आहे खरा, पण मला त्यांच्याविषयी फार थोडं ठाऊक आहे, हे आधीच सांगतो. त्यांचं माहेर मन्नारगुडीकडचं की तिरुवारूरकडचं, हे मी कधी विचारलं नाही. त्यांच्या नवऱ्याचं नाव मला माहीत नाही. कनकलता हे त्यांचं पूर्ण नावसुद्धा त्या गेल्यावर भाच्यानं पाठवलेल्या कार्डावरून कळलं. दोन वर्षं रोज पहाटे मी त्यांच्या मागं तीस-चाळीस पावलांवर चालत होतो, त्यामुळं माझी त्यांची ओळख बहुतेक पाठमोरी. चेहऱ्यापेक्षा डोक्यावरून घेतलेला पदर आणि त्यांची चाल मला जास्त आठवते.

लिहिण्याचा मला सरावही नाही. पाटबंधारे खात्यात तीस वर्षं कारकुनी केली, ती तमिळ आणि इंग्रजीत. देवनागरी वडिलांनी घरी शिकवली, ती पंचांग वाचण्यापुरती. पण तंजावूरच्या राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत आता देवनागरी वाचणारे तीन-चारच उरले आहेत, आणि त्यातल्या कुणालाही कनकाक्कांवर काही लिहायचं नाही. का नाही, हे मला चांगलं ठाऊक आहे.

गल्लीत तेव्हा मराठी बोलणारी पंधरा-वीस घरं होती. त्यातल्या एका घराच्या परसात, विहिरीशेजारच्या खोलीत कनकाक्का भाड्यानं राहत. विधवा, मूलबाळ नाही. श्राद्धाचा स्वयंपाक करणं हा त्यांचा एकच उद्योग. आमच्याकडं या कामाला नियम फार. करणारीनं डोक्यावरून न्हाऊन, घरातच उंच दांडीवर वाळवलेलं, कुणी न शिवलेलं लुगडं नेसून चुलीपाशी बसायचं. ब्राह्मण जेवून उठेपर्यंत तोंडात पाण्याचा थेंब घालायचा नाही. मध्येच कुणी शिवलं तर पुन्हा न्हाण. तिकडं महाराष्ट्रात सोवळं म्हणतात, त्याला आम्ही इकडं मडी म्हणतो. घरच्या बायका शाळेत, बँकेत कामाला जायला लागल्या तसं हे कुणाला जमेना. म्हणून ज्याच्या घरी श्राद्ध, त्याचं कनकाक्कांना बोलावणं.

चौऱ्याण्णव साली त्यांना दम लागायला लागला. तीस वर्षं चुलीचा धूर घेतला होता. चार वडे तळले की भिंतीला टेकायच्या. हंडा उचलायला दुसरं माणूस लागायचं. आमच्या घरी वडिलांच्या श्राद्धाला आल्या तेव्हा खीर ढवळताना त्यांचा हात थांबला, आणि त्या बराच वेळ नुसत्या चुलीकडं बघत बसल्या. माझी बायको राजलक्ष्मी मला हळूच म्हणाली, "पुढच्या वर्षी दुसरं कुणी बघावं लागेल."

इस्पितळातल्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनी त्यांना सांगितलं, चूल सोडा. अक्का म्हणाल्या, चूल सोडली तर खाऊ काय? मग निदान रोज पहाटे तासभर झाडापाण्यात चाला, असं त्या बाई म्हणाल्या. हे मला अक्कांनीच पुढं सांगितलं.

पहिल्यांदा त्या दुधाच्या डेपोपर्यंत जात आणि तिथल्या पायरीवर बसून राहत. मग रेल्वे फाटकापर्यंत. दोनेक महिन्यांनी गावाच्या उत्तरेला वडवार नदी आहे तिच्या काठानं जायला लागल्या. अनवाणी जात, टाचेत काटा मोडला. तेव्हा मद्रासला नोकरीला असलेल्या त्यांच्या भाच्यानं, प्रवीणकुमारनं, पांढरे कॅनव्हासचे बूट आणून दिले. शाळेतली मुलं ड्रिलला घालतात तसे. नऊवारी लुगडं, डोक्यावरून पदर, आणि खाली ते बूट. गल्लीला हसायला विषय मिळाला. निवृत्त पोस्टमास्तर वैद्यनाथ पहाटेच ओट्यावर येऊन बसत. ते ओरडले,

"अक्का, परेडला निघालात कां?"

"हो. तुम्ही बँड घेऊन या मागनं," त्या न थांबता म्हणाल्या.

मला त्याच सुमारास साखरेचा रोग निघाला, आणि मलाही चालायला सांगण्यात आलं. वाट एकच होती. एका विधवा बाईच्या बरोबरीनं चालणं बरं दिसलं नसतं आणि मला ते जमलंही नसतं. म्हणून मी मागं राहत असे.

वडवारच्या काठाचं मला वर्णन करता येणार नाही. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला भाताची खाचरं, मध्ये मातीची वाट. चिंचा, ताड, एका ठिकाणी केवड्याचं बन. पहाटे खाचरातून बगळे उठत, ते अंधारात आधी ऐकू येत आणि मग दिसत. त्या वाटेवर कनकाक्का पहिल्या महिन्यात सहा ठिकाणी थांबत. मी ते मोजत होतो, कारण त्या थांबल्या की मलाही थांबावं लागे. दिवाळीपर्यंत दोनदा थांबू लागल्या. पोंगलनंतर थांबल्याच नाहीत.

वाट जिथं संपते तिथं एक पूल आहे. पलीकडं स्मशान. अक्का पुलाच्या कठड्याला हात लावत आणि परत फिरत. मी अलीकडं एका पुन्नईच्या झाडाखाली थांबत असे. तिकडं वस्ती नव्हती, स्मशानातली कुत्री असत, म्हणून त्या वळेपर्यंत नजर ठेवलेली बरी, असं मी स्वतःला सांगत असे. त्या वळल्या की मी चालायला लागे, आणि वाटेत आम्ही समोरासमोर येत असू. तेवढ्यात एक-दोन वाक्यं होत. आमचं सगळं बोलणं एवढंच.

एका वर्षी मेट्टूर धरणाचं पाणी फार उशिरा सुटलं. ऑफिसात आम्ही रोज कागद हलवत होतो. एक दिवस अक्का समोरून आल्या त्या हसतच.

"शेषगिरीराव, पाणी आलं."

"अजून तार आली नाही, अक्का. परवा येईल म्हणतात."

"तार येऊ दे सावकाश. मी पाय बुडवून आले."

मी पुढं जाऊन बघितलं. कोरड्या वाळूवरून फेस आणि पालापाचोळा ढकलत पाण्याची जीभ पुढं सरकत होती. ऑफिसात गेलो, पण कुणाला सांगायचं धैर्य झालं नाही.

दुसऱ्या वर्षी त्यांच्यात एवढा फरक पडला की ओळख पटू नये. सोळा माणसांचा स्वयंपाक एकट्या करत. विहिरीचं पाणी स्वतः शेंदत. आवाज मोठा झाला. कुणी पुरोहित उशिरा आला तर आतून म्हणत, "आचार, पितर आले कधीचे, तुमचीच वाट बघतायत." एकदा मला म्हणाल्या, "एक सांगू? मला भूक लागते आता. तीस वर्षं दुसऱ्यांच्या पितरांना वाढलं. भूक कशी असते ते विसरलेच होते."

त्यांच्या मडीत कधी खोट नव्हती. काम असेल त्या दिवशी त्या साडेचारलाच निघत, साडेपाचला परत येत, विहिरीवर डोक्यावरून सात घागरी ओतून घेत, आणि मडीचं नेसून कामाच्या घरी जात. बूट खोलीबाहेर एका डब्यात असत. हे सगळ्या गल्लीनं बघितलेलं होतं. बघितलेलं असणं आणि चार माणसांत बोललं जाणं वेगळं, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

शहाण्णव सालच्या मार्गशीर्षात अनिरुद्धरावांच्या वडिलांचं श्राद्ध होतं. अनिरुद्धराव कॉलेजात प्राध्यापक, गल्लीतलं मोठं घर. त्यांची आई महालक्ष्मीअम्मा तेव्हा ऐंशीच्या पुढं होत्या. दूरचं नातं म्हणून मलाही जेवायला बोलावणं होतं. मी अकराच्या सुमारास गेलो. आत स्वयंपाक होत आला होता, तळणीचा वास येत होता. पडवीत अनिरुद्धराव आणि पुरोहित जयतीर्थाचार बसले होते. मी चार माणसांत बोलत नाही. पण त्या दिवशी अनिरुद्धराव म्हणाले,

"कमाल आहे बाईंची. दोन वर्षांपूर्वी वाटलं होतं, आटोपलं. आता बघा, सकाळपासून बसल्या नाहीत."

या विषयात मला काही ठाऊक होतं आणि दुसऱ्या कुणाला नव्हतं. मी म्हणालो,

"रोज चालतात ना. आज पहाटेसुद्धा वडवारच्या पुलाशी दिसल्या."

मग आतल्या दारातून महालक्ष्मीअम्मांचा आवाज आला.

"पुलाशी? आज?"

मी उठून उभा राहिलो.

"पायात काय होतं?"

"बूट," मी म्हणालो. "कॅनव्हासचे. चामड्याचे नव्हेत, अम्मा."

"पुलापलीकडं स्मशान आहे. पूल ओलांडला तिनं?"

जयतीर्थाचार चाचरत म्हणाले, "अम्मा, त्या न्हाऊन आल्यात. परत आल्यावर न्हाल्या तर शास्त्रानं..."

"मी शास्त्र विचारलं नाही, आचार. मी याला विचारलं. ओलांडला कां?"

अक्कांनी ओलांडला नव्हता. कठड्याला हात लावून त्या वळल्या होत्या. धुकं होतं, तरी मला स्पष्ट दिसलं होतं. पण ते सांगायचं तर मी झाडाखाली उभा राहून त्यांच्याकडं बघत होतो हे सांगावं लागलं असतं. रोज बघतो हेही निघालं असतं. पडवीत अनिरुद्धराव होते, जयतीर्थाचार होते, दाराशी अनिरुद्धरावांची बायको सुप्रभा येऊन उभी राहिली होती.

मी म्हणालो, "ते मी पाहिलं नाही."

कनकाक्का स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी आल्या होत्या, हातात झारा. त्यांनी सगळं ऐकलं होतं. रागावलेल्या दिसत नव्हत्या. सोपी गोष्ट आहे, आता निकालात निघेल, असा त्यांचा चेहरा होता.

"असं काय करता, शेषगिरीराव? तुम्ही समोरच होता की. वळले आणि तुमच्याशी बोलले ना मी? आज अनिरुद्धरावांकडं काम आहे, लवकर परतते, म्हणाले."

"बोललात," मी म्हणालो. "पण पुलावरचं... अंधार होता."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग झारा खाली ठेवला.

"अम्मा, मी पूल ओलांडला नाही," त्या म्हणाल्या. "आणि सात घागरी न्हाले आहे."

"असशील," महालक्ष्मीअम्मा म्हणाल्या. "पण माझ्या मनात शंका आली. शंका आलेलं अन्न मी त्यांना वाढणार नाही."

अनिरुद्धराव आईपुढं कधी बोलले नाहीत, तेव्हाही बोलले नाहीत. जयतीर्थाचारांनी तोडगा काढला, शिजवलेलं नको, कोरडा शिधा देऊन श्राद्ध करू. तांदूळ, डाळ, कच्ची केळी पानावर मांडून ब्राह्मणांना दिली. शिजलेलं अन्न परसात नारळाखाली खड्डा करून पुरायचं ठरलं. त्या भांड्यांना हात लावायला कुणी तयार होईना. म्हणून कनकाक्कांनीच ती उचलली. भाताचा हंडा, आमटी, खीर, वड्यांची परात, तिळाचे लाडू, सगळं एकेक करून त्यांनी परसात नेलं आणि स्वतः खड्ड्यात ओतलं. पहाटेपासून त्यांच्या पोटात पाणीही नव्हतं. मी पडवीत उभा होतो, कारण कुणी मला बस म्हटलं नाही आणि जाऊ की नको ते मला कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून मी वडवारच्या काठाला गेलो नाही. शिवगंगा बागेत चालायला लागलो.

पंधरा दिवसांत तीन घरांनी अक्कांना दिलेले दिवस परत घेतले. सुप्रभा मनानं चांगली. ती राजलक्ष्मीला घेऊन अक्कांच्या खोलीवर गेली. तिथं काय बोलणं झालं ते राजलक्ष्मीनं मला जसंच्या तसं सांगितलं.

"अक्का, चालणं सोडलं एवढं म्हणा," सुप्रभा म्हणाली. "अम्मा ऐकतील. अम्मा ऐकल्या की सगळी घरं परत बोलावतील."

"माझ्या मडीत खोट होती कां, सुप्रभा?"

"नाही हो. पण लोकांची शंका..."

"आज म्हणता चालू नको. उद्या म्हणाल खिडकीतनं बघू नको."

"मग पोटाचं काय करणार?"

"त्या पोटाला भूक लागते हेच मला चालायला लागल्यावर कळलं. ते तूच सोड म्हणतेस? बस, कॉफी करते."

त्यांनी चालणं सोडलं नाही. रोज पहाटे माझ्या खिडकीखालून बुटांचा आवाज जाई. मी जागा असे. त्या पुढं गेल्याशिवाय मी दार उघडत नसे. एकदा मात्र किराणा दुकानात त्या समोरच आल्या. म्हणाल्या, "बागेत चालता म्हणे आता?"

"हो, अक्का."

"तिथं गोल गोल फिरावं लागतं. चक्कर नाही येत?"

मी पिशवी उचलून बाहेर पडलो.

काही दिवस त्यांनी सांडगे, पापड करून विकले. मग दुकानांत पाकिटातले पापड आले. अंगानं त्या झपाट्यानं उतरल्या, आणि तो चालण्याचा परिणाम आहे असं गल्लीत म्हणू लागले. चालून माणूस असं होतं, बघा. खरं म्हणजे त्यांना भूक लागत होती आणि काम नव्हतं.

त्याच सुमारास कुंभकोणमचा कृष्णस्वामी नावाचा कॉन्ट्रॅक्टर व्हॅन घेऊन तंजावुरात यायला लागला. एसटीडी बूथवरून आदल्या दिवशी फोन केला की श्राद्धाचं सगळं जेवण स्टीलच्या डब्यांतून अकराला दारात. व्हॅनवर तमिळमध्ये लिहिलेलं होतं, मडीत केलेलं. कुठं केलं, कुणी केलं, तो माणूस पहाटे कुठून चालत आला, हे कुणी विचारलं नाही. सत्त्याण्णवच्या मार्गशीर्षात अनिरुद्धरावांकडं व्हॅनच आली. डबे उतरवणाऱ्याच्या पायात चामड्याच्या चपला होत्या, त्या त्यानं दारात काढल्या. महालक्ष्मीअम्मा जेवल्या, आणि वडे हलके झालेत असंही म्हणाल्या.

आमच्या घरचं श्राद्ध महिन्यानं आलं. मी राजलक्ष्मीला म्हणालो, "कनकाक्कांना सांगायचं कां?"

ती म्हणाली, "सांगाल. मग पंगतीला कोण बसेल? तुम्ही आणि मी?"

मी म्हणालो, "सरी." म्हणजे बरं, इकडं तसंच म्हणतात. फोन मीच केला.

अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात प्रवीणकुमार येऊन अक्कांना न्यायचं ठरवून गेला. तोवर मद्रासचं चेन्नई झालं होतं. त्याची बायको नंदिता नोकरी करणारी, मूल लहान, घरी माणूस हवं होतं. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, खाली मोटारींचा रस्ता. पहाटे पाचला दूध, सातला सगळ्यांचे डबे, म्हणजे चालायची ती वेळच कामाची. वर्षभरानं प्रवीणकुमार कुणाच्या तरी मुंजीला आला होता. त्याला मी विचारलं, अक्का फिरायला जातात कां? तो सरळ मनानं म्हणाला, "छे, आता अक्का अगदी शांत झालीय. कुठं जात नाही." बूट आहेत कां, हे विचारायचं माझ्या तोंडावर आलं होतं. विचारलं नाही.

दोन हजार एकमध्ये त्या गेल्या. दमच लागला म्हणे. कार्ड आलं तेव्हा तेरावा होऊन गेला होता. त्यांचं श्राद्ध होतं की नाही, होत असेल तर स्वयंपाक कुठून येतो, मला माहीत नाही.

अनिरुद्धरावांना निवृत्त झाल्यावर साखर निघाली. आता ते मुलानं अमेरिकेहून पाठवलेले पांढरे बूट घालून वडवारच्या काठानं जातात. पूल ओलांडून पलीकडं जातात, वाट चांगली केली आहे. श्राद्धाच्या दिवशीही जातात. मागं एकदा मला म्हणाले, "शेषगिरी, तू पण चल. सकाळच्या हवेनं माणूस नवा होतो." मी गुडघ्याचं कारण सांगितलं.

त्यांच्या घरच्या त्या दिवसाविषयी कनकाक्का माझ्याशी कधी एक शब्द बोलल्या नाहीत. मी खरं बोललो असतो तर काय झालं असतं, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. कदाचित काहीच वेगळं झालं नसतं. पण एक माणूस त्यांच्या बाजूनं बोललेला असता, आणि खड्ड्याकडं जाताना त्यांना ते ठाऊक असतं.

त्या चेन्नईला गेल्या त्या दिवशी मी योगायोगानं स्टँडवर होतो असं मी घरी सांगितलं. योगायोग नव्हता. प्रवीणकुमार पाण्याची बाटली आणायला गेला होता. अक्का कुंभकोणमवरून जाणाऱ्या बसमध्ये खिडकीशी बसल्या होत्या, मांडीवर कापडी पिशवी. मी खिडकीखाली जाऊन उभा राहिलो. काय बोलायचं ते मी घरून ठरवून आलो होतो. शेवटी त्याच बोलल्या.

"ही पापनाशमला थांबते कां हो?"

"थांबते. पाच मिनिटं."

"मग तिथं कॉफी घेईन."

"घ्या. पण उतरलात तर पिशवी जागेवर ठेवा, अक्का. नाहीतर कुणी बसेल."

"सरी. ठेवते."